घटस्फोटानंतर दोघांच्या नावावरच्या फ्लॅटची वाटणी: हिशेबापासून शेअर सर्टिफिकेटपर्यंत

घटस्फोटाची डिक्री हातात आली की घराचाही निकाल लागला, असं बहुतेकांना वाटतं. पण डिक्रीने लग्न संपतं. फ्लॅटच्या इंडेक्स टूवर (नोंदणी कार्यालयातल्या दस्ताच्या उताऱ्यावर), बँकेच्या कर्जखात्यावर आणि सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर (सभासदत्वाच्या दाखल्यावर) दोन्ही नावं जशीच्या तशी राहतात. मग चार-पाच वर्षांनी एकाला नवं कर्ज काढायचं असतं आणि सिबिल अहवालात जुन्या घराचे थकलेले हप्ते दिसतात. नाहीतर फ्लॅट विकायचा असतो आणि सहीसाठी अशा माणसाला फोन करावा लागतो, ज्याच्याशी बोलणं कधीच थांबलेलं आहे. म्हणून हा लेख वाटाघाटीपेक्षा कागदांविषयी जास्त आहे. उदाहरण महाराष्ट्रातलं, नेहमीचंच घेतलंय: नवरा-बायकोच्या संयुक्त नावावरचा, गृहकर्ज चालू असलेला, सोसायटीतला फ्लॅट.

मालकी, कर्ज आणि राहण्याचा हक्क

घराच्या भांडणात या तीन गोष्टी एकमेकींत इतक्या गुंततात की बोलणं पुढे सरकत नाही. ‘हप्ते मी भरलेत, घर माझं’ असं एक म्हणतो. ‘मुलं माझ्याजवळ आहेत, मी बाहेर पडणार नाही’ असं दुसरी म्हणते. दोघंही खरं बोलत असतात, फक्त वेगवेगळ्या गोष्टींबद्दल.

मालकी ठरते दस्तावरून आणि खरेदीची रक्कम कोणी दिली त्यावरून. लग्नानंतर घेतलेली प्रत्येक मिळकत आपोआप निम्मी-निम्मी, असा नियम भारतात सर्वसाधारणपणे नाही (गोवा वेगळा, त्याबद्दल शेवटी). मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ चं कलम ४५ सांगतं की दोघांनी आपापल्या वेगळ्या पैशातून मिळकत घेतली आणि वेगळा करार नसेल, तर ज्याने जेवढे पैसे घातले तेवढा त्याचा हिस्सा. कोणी किती घातले याचा पुरावाच नसेल, तर हिस्से सारखे मानले जातात. बँक स्टेटमेंट इतकं महत्त्वाचं का, ते यावरून कळेल.

कर्जाची गोष्ट निराळी. सहकर्जदार म्हणून सही केली की संपूर्ण कर्जाची जबाबदारी दोघांवरही असते, निम्मी-निम्मी नव्हे. ‘यापुढचे हप्ते नवरा भरेल’ असं कोर्टापुढे ठरलं तरी बँक त्या ठरावात पक्षकार नसते. त्याने हप्ता चुकवला की फोन बायकोलाही येतो.

आणि राहण्याचा हक्क मालकीवर अवलंबून नाही. घरगुती हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००५ च्या कलम १७ नुसार बायकोचं नाव दस्तावर नसलं तरी तिला सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे. सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घरही सामायिक घर असू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सतीशचंदर आहुजा खटल्यात सांगितलं. पण हा हक्क राहण्याचा आहे. त्यातून हिस्सा मिळत नाही आणि विकताना पैसेही मिळत नाहीत.

कागद आधी, बोलणं नंतर

घर सोडून जाणाऱ्याने निघण्यापूर्वी, आणि राहणाऱ्यानेही तेवढ्याच तातडीने, पुढच्या कागदांच्या प्रती आपल्याकडे घ्याव्यात: नोंदणीकृत करारनामा, इंडेक्स टू, बिल्डरला दिलेल्या रकमांच्या पावत्या, कर्जमंजुरीचं पत्र, कर्जखात्याचा सुरुवातीपासूनचा उतारा, शेअर सर्टिफिकेटच्या दोन्ही बाजू, सोसायटीची ताजी पावती, मालमत्ता कराचं बिल, आणि दोघांची खरेदीच्या काळातली बँक स्टेटमेंट्स. मूळ करारनामा बँकेकडे असतो. त्याची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळते. इंडेक्स टू तर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येतो.

जुनी स्टेटमेंट्स लगेच मागवा. दहा-बारा वर्षांपूर्वीचे उतारे काढायला बँकेला वेळ लागतो, आणि वडिलांनी दिलेले पाच लाख कोणत्या तारखेला कोणाच्या खात्यातून बिल्डरकडे गेले, हे पुढे तोंडी सांगून कोणी मानत नाही. दागिने मोडून पैसे उभे केले असतील तर सराफाची पावती शोधा. स्त्रीधन मोडून घरात घातलेला पैसा हिशेबात सगळ्यात आधी विसरला जातो, हे मी अनेक प्रकरणांत पाहिलंय.

याच काळात करायची दोन कामं. एक, हप्ता थांबवायचा नाही. रागाच्या भरात ‘ती राहते ना, तीच भरू दे’ म्हणून ईसीएस (खात्यातून आपोआप जाणारा हप्ता) बंद करणारे बरेच असतात. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए (थकीत कर्ज) होतं आणि दोघांचंही नाव खराब होतं. हप्ता भरत राहा आणि वेगळे राहू लागल्यापासून कोणी किती भरले याची नोंद ठेवा. तो आकडा अंतिम हिशेबात धरता येतो. दोन, कुलूप बदलून दुसऱ्याला बाहेर ठेवायचं नाही. सहमालकाला असं घराबाहेर काढता येत नाही, आणि कोर्टासमोर जाताना ही एक गोष्ट बाकी सगळं बिघडवते.

घराची आजची किंमत

रेडीरेकनरचा, म्हणजे सरकारी दरपत्रकातला, दर मुद्रांक शुल्कासाठी असतो. बाजारात घर त्याहून जास्तीला जाऊ शकतं, कधी कमीलाही. ज्याला घर ठेवायचं असतं तो रेडीरेकनर पुढे करतो, ज्याला पैसे घ्यायचे असतात तो दलालाने सांगितलेला आकडा. दोन्ही बाजूला ठेवून नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाकडून अहवाल घ्यावा, त्याची फी दोघांनी निम्मी-निम्मी द्यावी, आणि त्याचा आकडा मान्य राहील हे अहवाल येण्यापूर्वी लेखी ठरवावं. अहवाल आल्यावर ठरवायला गेलात तर ज्याला आकडा आवडला नाही तो दुसरा अहवाल आणतो.

पडताळणीचा आणखी एक सोपा मार्ग आहे. विभागाच्या संकेतस्थळावर आपल्याच सोसायटीत गेल्या वर्षभरात नोंदलेल्या खरेदीखतांचे इंडेक्स टू बघा. खालच्या मजल्यावरचा तेवढ्याच क्षेत्रफळाचा फ्लॅट किती मोबदल्याला गेला, ते तिथे लिहिलेलं असतं.

खरा वाद हिशेबाच्या पद्धतीचा असतो

समजा पुण्यात ६० लाखांना घेतलेला फ्लॅट. सुरुवातीला १५ लाख स्वतःचे भरले: बायकोने ९ लाख (त्यातले ६ तिच्या वडिलांनी तिला दिलेले), नवऱ्याने ६ लाख. उरलेले ४५ लाख कर्ज. आज फ्लॅटची किंमत ९० लाख, शिल्लक कर्ज ३६ लाख. म्हणजे वाटायला आहेत ५४ लाख. हप्ते सगळे नवऱ्याच्या खात्यातून गेले. बायकोच्या पगारातून किराणा, शाळेची फी, सासूबाईंचं औषधपाणी चाललं.

पहिली पद्धत: ज्याने जेवढी मुद्दल भरली त्या प्रमाणात वाटणी. बायकोचे ९ लाख. नवऱ्याचे ६ लाख आणि कर्जातली फिटलेली ९ लाख मुद्दल मिळून १५ लाख. एकूण २४ लाखांत तिचा वाटा ३७.५ टक्के, म्हणजे ५४ लाखांतले २०.२५ लाख. त्याला ३३.७५ लाख.

दुसरी पद्धत: सुरुवातीला घातलेली रक्कम आधी ज्याची त्याला परत, उरलेलं निम्मं-निम्मं. ५४ मधून १५ गेले, उरले ३९. प्रत्येकी १९.५. बायकोला ९ अधिक १९.५ म्हणजे २८.५ लाख, नवऱ्याला २५.५ लाख.

दोन पद्धतींत सव्वाआठ लाखांचा फरक आहे, आणि दोन्ही आकडे त्याच कागदांतून निघालेत. पहिल्या पद्धतीत एक गोष्ट सुटते: तिच्या पगारावर घर चाललं म्हणूनच त्याचा पगार हप्त्याला मोकळा राहिला. एकाच्या खात्यातून हप्ता आणि दुसरीच्या खात्यातून घरखर्च, अशी सोय हजारो घरांत असते, आणि घर मोडलं की त्यातला फक्त हप्ता मोजला जातो. म्हणून असा संसार असेल तिथे मी दुसरी पद्धत सुचवते. बायको नोकरी करत नसेल तर प्रश्न आणखी कठीण होतो. घरकामाचा मोबदला म्हणून आपोआप हिस्सा देणारा कायदा नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये गृहिणीच्या श्रमाचं योगदान मानून मिळकतीत समान हिस्सा मान्य केला. तो निकाल महाराष्ट्रातल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण वाटाघाटीत पुढे ठेवण्याजोगा नक्कीच आहे.

पोटगीचा हिशेब यात मिसळू नका. एकरकमी पोटगी आणि घराचा हिस्सा हे दोन आकडे वेगळे लिहा, भले पैसे एकाच दिवशी द्यायचे असोत. ‘घर दिलं, आता काही मागायचं नाही’ अशा एका वाक्यात दोन्ही गुंडाळले, की तिला हिस्सा किती मिळाला आणि पोटगी किती, हे कोणालाच सांगता येत नाही आणि कर व मुद्रांक शुल्काच्या वेळी गाडी अडते.

ठेवायचं, विकायचं की थांबायचं

विकून पैसे वाटून घेणं सगळ्यात स्वच्छ. कर्ज फिटतं, नावं दोन्ही जातात, पुन्हा संबंध येत नाही. एकाने घर ठेवून दुसऱ्याचा हिस्सा विकत घेणं हा दुसरा मार्ग. मुलं त्याच शाळेत असतील तर बहुतेक आईबाप हाच निवडतात, आणि ते समजण्यासारखं आहे. तिसरा मार्ग म्हणजे धाकट्याची दहावी होईपर्यंत घर संयुक्त ठेवणं. यासाठी विक्रीची पक्की तारीख, तोवरचा हप्ता, मेंटेनन्स आणि मोठी दुरुस्ती कोणाकडे, हे लिहून ठेवलेलं नसेल तर या वाटेला जाऊ नका. मुदत न ठरवता नुसतंच ‘नंतर बघू’ म्हणून ठेवलेली संयुक्त मालकी कालांतराने पुढच्या पिढीच्या डोक्यावर येते.

पुढे घर एकाने ठेवायचं धरून चालते, कारण त्यातच जास्त टप्पे आहेत.

बँकेकडे सगळ्यात आधी

लोक हे शेवटी करतात आणि तिथेच घोडं अडतं. सहकर्जदाराचं नाव कमी करायला बँक नुसत्या अर्जावर तयार होत नाही. राहणाऱ्या एकाच्या उत्पन्नावर कर्ज पेलेल का, हे ती नव्याने तपासते. वरच्या उदाहरणात नवऱ्याने घर ठेवलं तर त्याला जुनं ३६ लाख कर्ज आणि बायकोला द्यायचे २८.५ लाख, असे ६४.५ लाख लागतील. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत कर्ज देता येतं. ९० लाखांवर ती मर्यादा ७२ लाख, म्हणजे त्या बाजूने अडचण नाही. पण ८.५ टक्के दराने २० वर्षांचा हप्ता महिना सुमारे ५६ हजार येतो. तो एका पगारात बसतो का, हे वाटाघाटी संपण्याआधी कळायला हवं. बसत नसेल तर घर विकण्याचाच विचार करावा. हट्टाने घर ठेवून दोन वर्षांत ते बँकेच्या लिलावात जाणं कोणाच्याच हिताचं नाही.

आपली बँक ऐकत नसेल तर दुसऱ्या बँकेकडे एकट्याच्या नावाने कर्ज वळवता येतं. व्यक्तीच्या नावावरच्या, बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचं शुल्क लावता येत नाही. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करणं आणि नोंदवलेला बोजा उतरवणं बँकेवर बंधनकारक आहे. उशीर बँकेमुळे झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. रिझर्व्ह बँकेचा हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. हा आकडा लक्षात ठेवून शाखेत जा, कागद लवकर सापडतात.

बँकेकडून तत्त्वतः मंजुरीचं पत्र घ्या. ते हातात आल्याशिवाय पुढच्या टप्प्यातल्या तारखा लिहू नका. कर्जाला जोडलेली विमा पॉलिसी असेल तर ती कोणाच्या आयुष्यावर आहे आणि नॉमिनी कोण, हेही त्याच फेरीत विचारून या.

कन्सेन्ट टर्म्समधली घराची कलमं

परस्परसंमतीचा घटस्फोट हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब खाली होतो. विशेष विवाह कायद्याखाली लग्न झालं असेल तर कलम २८. पहिला अर्ज, मग किमान सहा महिन्यांचा काळ, मग दोघांनी दुसऱ्यांदा कोर्टापुढे येऊन संमती सांगायची. हे सहा महिने माफ करता येतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अमरदीप सिंग खटल्यात म्हटलं. आणि १९९१ पासून हेही स्पष्ट आहे की अंतिम आदेशापर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतो. घराच्या दृष्टीने हा मधला काळ सर्वांत नाजूक. आधी हक्क सोडणाऱ्याला पैसे बुडण्याची भीती, आधी पैसे देणाऱ्याला सही न मिळण्याची. त्यामुळे टप्पे बांधून घ्यायचे: काही रक्कम पहिल्या अर्जाच्या वेळी कोर्टात जमा, दस्ताचा मसुदा त्याच वेळी दोघांच्या सह्यांनिशी जोडलेला, आणि उरलेले पैसे व दस्ताची नोंदणी एकाच दिवशी.

बहुतेक कन्सेन्ट टर्म्समध्ये, म्हणजे कोर्टात द्यायच्या तडजोडीच्या अटींमध्ये, असं वाक्य सापडतं: ‘पत्नी सदर सदनिकेवरील हक्क सोडून देईल व पती तिला ठरलेली रक्कम देईल.’ यातून काहीच साधत नाही. कधी, किती, आणि नाही दिली तर काय? त्याऐवजी साधारण असं लिहा:

‘परिशिष्ट अ मध्ये वर्णन केलेल्या सदनिकेतील पत्नीचा अविभक्त अर्धा हिस्सा पती रु. २८,५०,००० मोबदल्यात घेईल. पैकी रु. ८,५०,००० आज या न्यायालयात जमा केले आहेत. उर्वरित रु. २०,००,००० पती अमुक तारखेपर्यंत, हक्कसोडपत्राच्या नोंदणीच्या दिवशी, डिमांड ड्राफ्टने देईल. मुद्रांक शुल्क व नोंदणी शुल्क पती भरेल. त्याच तारखेपर्यंत पती कर्जखात्यातून पत्नीचे नाव कमी करून बँकेचे पत्र तिला देईल. तसे न झाल्यास सदनिका विकून, कर्ज फेडून, निव्वळ रकमेतून पत्नीस प्रथम वरील थकीत रक्कम दिली जाईल.’

शेवटचं वाक्य सोडू नका. मुदत पाळली नाही तर पुढे काय, हे ठरलेलं असेल तर नव्याने दावा लावावा लागत नाही.

परिशिष्टात फ्लॅटचं वर्णन करारनाम्यातलं हुबेहूब उतरवा: सर्व्हे किंवा सीटीएस नंबर, इमारत, मजला, चटई क्षेत्र, पार्किंग, शेअर सर्टिफिकेटचे क्रमांक. ही मिळकत मूळ अर्जाचाच विषय असली पाहिजे. नोंदणी अधिनियम १९०८ च्या कलम १७(२)(६) मधली सूट कोर्टाच्या आदेशांना आहे, पण तडजोडीच्या हुकूमनाम्यात (डिक्रीत) दाव्याचा विषय नसलेली मिळकत घुसवली तर ती सूट मिळत नाही. शिवाय नोंदणी लागत नाही म्हणजे मुद्रांकही लागत नाही, असं धरू नका. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमातल्या अभिहस्तांतरणाच्या (मालकी दुसऱ्याकडे देण्याच्या) व्याख्येत दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामाही येतो. माझ्या मते हुकूमनाम्यावर न थांबता स्वतंत्र दस्त नोंदवून घ्यावा. सोसायटी, बँक आणि उद्याचा खरेदीदार, तिघंही इंडेक्स टू मागतात.

हक्कसोडपत्र की बक्षीसपत्र

‘पाचशे रुपयांत हक्कसोड होते’ हे ऐकून येणारे खूप असतात. ती सवलत वडिलोपार्जित मिळकतीतला हिस्सा जवळच्या नातेवाइकासाठी सोडण्याला आहे. नवरा-बायकोने विकत घेतलेल्या फ्लॅटला ती लागत नाही. इथे सोडलेल्या हिस्स्याच्या बाजारमूल्यावर खरेदीखताच्या दराने मुद्रांक लागतो. पुण्यात अधिभार धरून ७ टक्के दर घेतला, तर ९० लाखांच्या निम्म्यावर, म्हणजे ४५ लाखांवर, ३ लाख १५ हजार. वर नोंदणी शुल्क, जास्तीत जास्त ३० हजार. हा खर्च पहिल्या दिवसापासून हिशेबात धरा.

राहतं घर पती किंवा पत्नीला बक्षीस दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क नाममात्र २०० रुपये आहे, वर स्थानिक अधिभार लागू असेल तो. मोह होणं साहजिक आहे. पण दोन अटी पक्क्या ध्यानात ठेवा. बक्षीस देताना नातं नवरा-बायकोचं हवं, म्हणजे डिक्रीच्या आधी. आणि बक्षीस विनामोबदला हवं. एका बाजूला कन्सेन्ट टर्म्समध्ये साडेअठ्ठावीस लाखांचा उल्लेख आणि दुसऱ्या बाजूला त्याच हिस्स्याचं बक्षीसपत्र, असं केलं तर खोटा दस्त होतो. मुद्रांक कार्यालय फरकाची रक्कम दंडासह मागू शकतं. खरोखर काही न घेता हिस्सा द्यायचा असेल, तिथेच बक्षीसपत्र करा. शंका असेल तर दस्त करण्याआधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी मसुदा द्या. किती शुल्क लागेल ते लेखी मिळतं.

दस्तावर सही झाल्यापासून चार महिन्यांत तो नोंदणीला सादर करावा लागतो. नोंदणीच्या दिवशी दोघांनाही दुय्यम निबंधकांसमोर बसावं लागतं, कॅमेऱ्यासमोर फोटो आणि अंगठा द्यावा लागतो. ज्यांना समोरासमोर येणं असह्य आहे, त्यांनी आधीच वकिलामार्फत वेळ ठरवून घ्यावी आणि सोबत आपला माणूस न्यावा. ड्राफ्टची झेरॉक्स आणि क्रमांक दस्तातच लिहा, आणि मूळ ड्राफ्ट सहीच्या वेळी हातात घ्या. ‘सही करून टाक, पैसे संध्याकाळी पाठवतो’ हे कोणाचंही ऐकू नका.

सोसायटी

नोंदलेल्या दस्ताची प्रत, इंडेक्स टू, मूळ शेअर सर्टिफिकेट आणि पोटनियमांतल्या नमुन्यातले अर्ज घेऊन सचिवांकडे जा. हस्तांतरण शुल्क ५०० रुपये. प्रीमियम महानगरपालिका क्षेत्रातही २५ हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि इथे तर मागायचं कारणच नाही, कारण राहणारं नाव आधीपासून सभासदाचं आहे, बाहेरचा कोणी आत येत नाही. कमिटीने तरी मागितलं तर लेखी मागणी द्या म्हणावं आणि उपनिबंधकांकडे जावं.

शेअर सर्टिफिकेट परत मिळालं की ते उलटून बघा. मागच्या बाजूला तक्ता असतो: कमिटीच्या सभेची तारीख, देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, रजिस्टरमधला अनुक्रमांक, आणि अध्यक्ष, सचिव व एका कमिटी सदस्याची सही. पुढच्या बाजूची दोन नावं खोडलेली नसतात, आणि खोडायचीही नसतात. बदल मागच्या ओळीत नोंदला जातो. ती ओळ रिकामी राहिली असेल तर फ्लॅट विकताना खरेदीदाराची बँक नेमकं तिथेच बोट ठेवते.

मग वीजबिल, गॅस, मालमत्ता कर. पुण्यात स्वतः राहण्याच्या घराला मालमत्ता करात ४० टक्के सवलत आहे. नाव बदलताना ती निघून गेली नाही ना, हे पुढच्या बिलात तपासा.

आयकर

हिस्सा मोबदला घेऊन सोडणाऱ्याला भांडवली नफ्याचा विचार करावा लागतो. घर घेऊन २४ महिन्यांहून जास्त काळ झाला असेल तर नफा दीर्घ मुदतीचा, कर १२.५ टक्के. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांक धरून २० टक्क्यांचाही पर्याय आहे. दोन्ही काढून पाहा, कमी येईल तो घ्या. वरच्या उदाहरणात मोबदला मोजताना नवऱ्याने डोक्यावर घेतलेलं तिच्या वाट्याचं १८ लाख कर्जही धरावं लागतं आणि तिच्या हिस्स्याची खरेदी किंमत ३० लाख वजा होते. हातात आलेले सगळे २८.५ लाख म्हणजे नफा नव्हे. दोन वर्षांत दुसरं घर घेतलं, किंवा तीन वर्षांत बांधलं, तर त्यात गुंतवलेल्या नफ्यावर सूट मिळते. ताबा मिळाल्याचं आर्थिक वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत घर विकलं तर मुद्दलफेडीवर आयकराच्या कलम ८० सी खाली घेतलेली वजावट परत उत्पन्नात येते. नवीन लग्न, नवीन घर आणि लगेच फारकत, अशा जोडप्यांना हे लागू होतं.

हिस्स्याचा मोबदला किंवा मुद्रांक मूल्य ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर पैसे देणाऱ्याने एक टक्का टीडीएस कापून भरायचा. हिस्सा विकणारा अनिवासी असेल तर ही मर्यादा आणि हा दर लागू नाहीत. कपात बरीच मोठी होते, म्हणून त्याने कमी कपातीचा दाखला आयकर खात्याकडून आधी मिळवावा.

अमेरिकेत, दुबईत किंवा जर्मनीत राहणाऱ्याला दस्तासाठी यावंच लागतं असं नाही. भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेलं विशेष कुलमुखत्यारपत्र चालतं, आणि ज्या देशाचं अपोस्टिल (तिथल्या सरकारचा साक्षांकनाचा शिक्का) भारतात मान्य आहे तिथलं अपोस्टिल केलेलंही. ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्या. त्यात या एकाच फ्लॅटचा, या एकाच दस्ताचा उल्लेख असावा, आणि मुखत्यार समोरच्या पक्षाचा नातेवाईक नसावा.

तडजोड झालीच नाही तर

जिथे कौटुंबिक न्यायालय आहे तिथे नवरा-बायकोच्या मिळकतीचा वादही त्याच न्यायालयात चालतो, १९८४ च्या कायद्याचं कलम ७ तसं सांगतं. टू बीएचकेमध्ये भिंत घालून वाटणी होत नाही, हे कोर्टालाही माहीत असतं. वाटप अधिनियम १८९३ खाली अर्धा किंवा जास्त हिस्सा असलेल्याने मागितलं तर कोर्ट मिळकत विकून पैसे वाटण्याचा आदेश देऊ शकतं, आणि दुसऱ्या हिस्सेदाराला कोर्टाने ठरवलेल्या किमतीत तो हिस्सा विकत घेण्याची संधी मिळते. म्हणजे वर्षानुवर्षं लढूनही शेवटी पर्याय तेच दोन: विका किंवा विकत घ्या. दावा लावलात तर समोरच्याने मध्येच हिस्सा विकू नये म्हणून मनाईहुकूम मागा आणि दावा प्रलंबित असल्याची नोटीस नोंदवून घ्या.

गोव्यात

गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कायदा आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि प्रत्येकाचा निम्मा हिस्सा असतो, दस्तावर नाव एकाचंच असलं तरी. कोणी किती हप्ते भरले हा वाद तिथे बराच मागे पडतो. म्हापशातल्या किंवा मडगावातल्या घरासाठी पुण्या-मुंबईचा सल्ला घेऊ नका. गोव्यातला वकील गाठा आणि लग्ननोंदणीच्या वेळी कोणता करार नोंदला होता, ते आधी काढा.

डिक्रीची वाट न बघता करायची दोन कामं

घटस्फोट होईपर्यंत पती किंवा पत्नी कायदेशीर वारस असतो. मधल्या काळात एकाचं बरंवाईट झालं तर त्याचा हिस्सा, मृत्युपत्र नसल्यास, हिंदू वारसा कायद्याने जोडीदाराकडेही जातो, मग आईबाप आणि मुलं काहीही म्हणोत. तुमची इच्छा वेगळी असेल तर वेगळे राहू लागल्यावर लगेच मृत्युपत्र करा. दोन साक्षीदार लागतात, मुद्रांक लागत नाही. आणि सोसायटी, बँक, विमा, भविष्यनिर्वाह निधी या चारही ठिकाणचं नामनिर्देशन तपासा. सोसायटीत नवं नामनिर्देशन दिलं की पोच घ्या आणि नामनिर्देशन रजिस्टरमधल्या नोंदीचा क्रमांक त्या पोचेवर लिहून मागा.